कडू की तुरट?

घरी केलेली बिअर कडू झाली असं कुणी सांगितलं, की मी आधी विचारतो: कडू म्हणजे कारल्यासारखी, की तुरट, कच्च्या केळ्यासारखी? मराठीत या दोन चवी लहानपणापासून वेगळ्या ओळखल्या जातात. दोष शोधायला तीच जाण उपयोगी पडते. एक घोट गिळा आणि थांबा. कडू चव जिभेच्या मागच्या बाजूला रेंगाळते. तुरट असेल तर तोंडाला कोरड पडते आणि जीभ टाळूला चिकटू पाहते.

कडूपणा येतो तो मुख्यतः हॉप्समधून. या फुलांतली अल्फा आम्लं पाण्यात फारशी विरघळत नाहीत. माल्टच्या गोड पाण्यात, म्हणजे वर्टमध्ये, ती तासभर खळखळ उकळली की त्यांची रचना बदलते, ती विरघळतात आणि खरा कडूपणा उतरतो. लिटरमागे अशा बदललेल्या आम्लाचा साधारण १ मिलिग्रॅम म्हणजे १ आयबीयू, हे कडूपणाचं माप. २० लिटरला ६ टक्के अल्फाचे २८ ग्रॅम हॉप्स घातले आणि त्यातला चौथा हिस्सा उतरला असं धरलं, तर २१ आयबीयू होतात. ब्लाँड एलला एवढं बेताचं आहे. पण समजा हे हॉप्स कास्केड जातीचे होते आणि ते संपले म्हणून तितक्याच वजनाचे १२ टक्क्यांचे मॅग्नम जातीचे घातले, तर तोच आकडा ४२ वर जातो. माझ्या पाहण्यात सगळ्यात जास्त बॅचेस इथेच बिघडल्या आहेत. म्हणून कृतीतल्या ग्रॅमांपेक्षा पाकिटावरच्या अल्फाच्या आकड्यावर विसंबावं.

आच बंद केल्यावरही कडूपणा उतरणं थांबत नाही. वर्ट ८० अंशांच्या वर असेपर्यंत आम्लं बदलतच राहतात, वेग तेवढा मंदावतो. वासासाठी शेवटी हॉप्स घालून पातेलं तसंच निवायला ठेवलं, तर वासासोबत कडूपणाही येतो. वर्टमध्ये तांब्याचं वेटोळं सोडून त्यातून गार पाणी फिरवलं, की हे टळतं.

पाणीही बघावं. सल्फेट जास्त असेल तर कडूपणाला धार येते. इंग्लंडमधल्या बर्टनच्या एलला तिथल्या सल्फेटयुक्त पाण्यानेच नाव मिळवून दिलं. पिल्सेनचं पाणी अगदी मृदू, म्हणून तिथल्या लागरमध्ये भरपूर हॉप्स असूनही ते बोचत नाहीत.

आता तुरटपणा. हा बहुतेक वेळा धान्याच्या सालीतल्या टॅनिनमुळे येतो. चहा पत्तीवर फार वेळ राहिला की जी चव येते, तीच ही. माल्टमधली उरलेली साखर धुऊन काढताना पाणी ७७ अंशांच्या वर गेलं आणि शेवटच्या पातळ पाण्याचा पीएच ६ च्या आसपास चढला, की टॅनिन सुटू लागतं. अल्कधर्मी पाण्यात हा पीएच लवकर चढतो, तिथे थोडं लॅक्टिक आम्ल घालावं. धान्याची पिशवी पाण्यात ठेवूनच उकळी आणणं तर कटाक्षाने टाळावं.

आंबवताना कोरडे हॉप्स घातले असतील, तर घशात झोंबणारी चव बऱ्याचदा तरंगणाऱ्या हिरव्या कणांची असते. अशी बिअर ओतून देऊ नका. आठ-दहा दिवस फ्रिजमध्ये उभी ठेवा, तळाचा गाळ न हलवता ओता आणि मगच पुन्हा चाखा.