पन्नाशीच्या झाडाचे मोल

मे २०२४ च्या अखेरीस, नवतपाच्या तोंडावर, अकोल्याचा पारा ४५ अंशांपलीकडे गेला आणि जिल्हा प्रशासनाला उष्म्यापायी कलम १४४ अन्वये आदेश काढावा लागला. एरवी दंगलीच्या वेळी उपसले जाणारे हे हत्यार उन्हाविरुद्ध वापरावे लागले. त्याआधी मे २०२० मध्ये याच शहराने ४७.४ अंश तापमान सोसले होते. अशा शहरांत रस्त्याकडेचा जुना कडुनिंब ही केवळ शोभा नव्हे, तर आरोग्याची गरज आहे.

डांबर आणि सिमेंट दिवसभर उष्णता साठवतात व रात्री ती सोडतात; म्हणून सूर्य मावळला तरी घरे निवत नाहीत. मोठे झाड हे चक्र दोन प्रकारे रोखते. त्याची सावली जमीन तापू देत नाही; आणि मुळांनी खोलवरून ओढलेले पाणी पानांवाटे वाफ होऊन जाताना भोवतालच्या हवेतील उष्णता शोषून घेते. कडुनिंब तर फाल्गुनाच्या सुमारास पाने गाळून चैत्रात पालवतो. साहजिकच ऐन वैशाखात त्याची सावली दाट असते.

अमरावतीला वडाळी व छत्री तलावाचा परिसर आणि पोहरा-मालखेडचे राखीव वन लाभले आहे. परंतु शहराबाहेरचे वन बसथांब्यावर ताटकळणाऱ्यांना सावली देऊ शकत नाही. त्यासाठी झाड वस्तीतच हवे.

‘एक तोडू, दहा लावू’ हा हिशेब येथेच फसतो. वऱ्हाडची काळी माती उन्हाळ्यात भेगाळते आणि रोपांची कोवळी मुळे उघडी पडतात. जुन्या झाडाची मुळे मात्र खालच्या ओलाव्यापर्यंत पोहोचलेली असतात. रोपांना पहिले दोन-तीन उन्हाळे पाणी द्यावे लागते, तेही टंचाईच्या दिवसांत. पूर्णाकाठच्या खारपाण पट्ट्यात तर भूजलही खारट.

कायद्याने हे वयाचे मोल ओळखले आहे. राज्याच्या नागरी क्षेत्रातील झाडांचे संरक्षण करणाऱ्या १९७५ च्या अधिनियमात २०२१ मध्ये सुधारणा झाली. पन्नास किंवा अधिक वर्षांच्या झाडाला ‘हेरिटेज ट्री’, म्हणजे वारसा वृक्षाचा दर्जा मिळाला आणि तोडलेल्या झाडाच्या वयाइतकी रोपे लावण्याचे बंधन आले. त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या तज्ज्ञ समितीने झाडाचे मोल त्याच्या वयाच्या प्रत्येक वर्षामागे ७४ हजार ५०० रुपये धरावे, असे सुचविले. त्या हिशेबाने पन्नास वर्षांचे झाड ३७ लाखांहून अधिक किमतीचे ठरते. तरीही साठ रोपे मिळून साठ वर्षांच्या वडाची सावली पडण्यास पुन्हा काही दशकेच लागणार.

जून २०२२ मध्ये अमरावती-अकोला महामार्गावर ७५ किलोमीटरचा डांबरी थर १०५ तास ३३ मिनिटांत अंथरला गेला आणि त्याची गिनीज बुकात नोंद झाली. रस्त्याला तास पुरतात, झाडाला मात्र पिढी लागते. म्हणून रस्त्याचा आराखडा आखतानाच जुन्या झाडांचा विचार व्हावयास हवा. वृक्षतोडीच्या परवानगीपूर्वी वर्तमानपत्रात जाहीर सूचना देणे आणि ती झाडावर लावणे कायद्याने आवश्यक आहे. ती सूचना वाचून वेळेत हरकत नोंदविणे नागरिकांच्या हाती आहे. झाड पडल्यावर व्यक्त केलेल्या हळहळीने सावली परत येत नाही.