लहरींची बोली

ताम्हिणी घाटात रेंज शोधत मोबाइल उंच धरणाऱ्याच्या डोक्यावरच्या लहरी कधीच विकल्या गेल्या आहेत. मुळशीच्या नावाने नव्हे, ‘महाराष्ट्र’ या दूरसंचार परिमंडळाच्या नावाने. त्यात गोवाही येतो, मुंबई मात्र वेगळी. म्हणजे दरी आणि पुण्याचा डेक्कन जिमखाना यांचा सौदा एकच!

२०१०चा थ्रीजी लिलाव ३४ दिवस, १८३ फेऱ्या चालला. बावीसही परिमंडळे एकाच वेळी बोलीवर. दर फेरीनंतर भाव उघड. बोली आखडती घेणाऱ्याचा पुढच्या फेऱ्यांतला हक्क घटतो, त्यामुळे दबा धरून शेवटी झडप घालता येत नाही. ५ मेगाहर्ट्झसाठी महाराष्ट्राचा भाव सुमारे १,२५८ कोटी रुपयांवर गेला. असा खेळ १९९४मध्ये अमेरिकेत प्रथम मांडला गेला. तो रचण्यात मोठा वाटा असलेल्या पॉल मिलग्रोम आणि रॉबर्ट विल्सन यांना २०२०चे अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले.

डोंगराळ भागाला सोयीच्या, लांब पोचणाऱ्या ७०० मेगाहर्ट्झच्या लहरींना मात्र २०१६ आणि २०२१मध्ये गिऱ्हाईकच नव्हते; राखीव किंमतच अवाच्या सवा. ती उतरल्यावर २०२२मध्ये जिओने त्या घेतल्या. २०१५पासून कंपन्यांना आपसांत लहरी विकण्याची, वाटून वापरण्याचीही मुभा आहे.