पडदा काळा, यंत्र जागं

मागच्या दिवाळीत आमच्या लिनक्स संगणकाचा पडदा काळाच राहिला. आत सोसायटीचे वर्षभराचे हिशेब! कंट्रोल, ऑल्ट आणि एफ-३ ही बटणं एकदम दाबली, तर पांढऱ्या अक्षरांत नाव विचारणारी ओळ आली. चित्रांच्या खिडक्या म्हणजे वरचा मजला; खालचा, अक्षरांचा मजला शाबूत होता. हिशेब आधी पेनड्राइव्हवर उतरवले. मग मुख्य अधिकार घेऊन 'सिस्टिमसीटीएल सेट-डिफॉल्ट मल्टी-यूजर.टार्गेट' ही आज्ञा दिली (टंकायची अर्थात इंग्रजीत). आता संगणक थेट अक्षरांवरच सुरू होऊ लागला. ग्राफिक्सचा ड्रायव्हर दुरुस्त झाल्यावर त्याच आज्ञेत शेवटी 'ग्राफिकल.टार्गेट' लिहिलं. पूर्वी रेड हॅटमध्ये यासाठी इनिटॅब फाइलीत ५ चा ३ करावा लागे. फेडोरात २०११ पासून ती पद्धत गेली. आणि हो, तिथं पासवर्ड टंकताना पडद्यावर काहीच उमटत नाही. मी तर कीबोर्डही गेला असंच समजलो होतो!