मुंबईहून भंडारदऱ्याला यायचंय? आधी मोसम ठरवा, मग ठिकाणं. आणि एका दिवसाचा हट्ट सोडा

अकोले : "रविवारी येतोय, दिवसभरात काय काय बघून होईल?" पावसाळा लागला की अकोले तालुक्यातल्या घराघरांत नातेवाइकांचे, ओळखीपाळखीच्यांचे असे फोन सुरू होतात. कुणी लग्नासाठी मुंबईत आलेलं असतं, कुणी ऑफिसच्या कामाला. मधे दोन दिवस मोकळे सापडले की भंडारदऱ्याचा बेत ठरतो. धबधबे, कळसूबाई, रतनगड, सांदण दरी, काजवे अशी यादीही तयारच असते.

गोष्ट अशी आहे की या यादीतल्या सगळ्या गोष्टी एका वेळी बघताच येत नाहीत. ज्या दिवसांत काजवे असतात, त्या दिवसांत धबधबे कोरडे. धबधबे जोरात असतात तेव्हा सांदण दरीत पाऊल टाकणं म्हणजे जिवाशी खेळ. म्हणून नातेवाइकांचा फोन आला तर पहिलं सांगायचं ते हे, की आधी मोसम ठरवा, मग ठिकाणं. आणि एका दिवसात उरकायचं असेल तर रविवार सोडूनच द्या.

एक दिवस का पुरत नाही

मुंबईहून शेंडी, म्हणजे भंडारदरा धरणाचं गाव, सुमारे १८० किलोमीटर. नकाशावर चार तास दिसतात. पावसाळ्यातल्या शनिवार-रविवारी हा हिशोब चालत नाही. घोटीपासून आत वळलं की रस्ता दुपदरी, वळणावळणाचा, धुक्याचा. पुढं धरणाभोवतीचा रस्ता तर काही ठिकाणी एवढा अरुंद की समोरून एसटी आली तर एकाला मागं घ्यावंच लागतं. तिथं शेकडो गाड्या एकाच वेळी शिरल्या की सगळं ठप्प होतं. सकाळी सहाला निघालेला माणूस दुपारी पोचतो, तासभर गाडीतूनच धबधबा बघतो आणि अंधार पडायच्या आत परत फिरतो. त्याला भंडारदरा दिसत नाही, पुढच्या गाडीची मागची काच दिसते.

या कोंडीत फक्त पाहुणाच अडकत नाही. बाळंतपणाला निघालेली बाई, साप चावलेला शेतकरी, राजूरच्या बाजाराला निघालेला म्हातारा, सगळ्यांचा रस्ता तोच आहे. दुसरा पर्यायी रस्ता नाही. म्हणून दोन रात्रींचा मुक्काम आणि शक्यतो सोमवार ते गुरुवार असा बेत केला तर पाहुण्याचाही फायदा आणि गावाचाही.

यायचं कसं

स्वतःची गाडी असेल तर दोन वाटा आहेत. एक जुना मुंबई-नाशिक महामार्ग: शहापूर, कसारा घाट, इगतपुरी, घोटी. दुसरी समृद्धी महामार्गाची. जून २०२५ मध्ये आमणे ते इगतपुरी हा शेवटचा टप्पा सुरू झाल्यापासून भिवंडीजवळून चढून थेट इगतपुरीला उतरता येतं, कसारा घाट टळतो. मात्र समृद्धीवर दुचाकीला परवानगी नाही. बाइकवाल्यांनी जुन्याच रस्त्यानं यावं. घोटीहून शेंडी सुमारे ३५ किलोमीटर, वाटेत बारी गाव लागतं.

रेल्वेनं यायचं तर कसाऱ्यापर्यंत लोकल आहे, सीएसएमटीहून अडीच तासांच्या आसपास लागतात. लांब पल्ल्याच्या बऱ्याच गाड्या इगतपुरीला थांबतात. तिथून पुढं एसटी किंवा जीप. कसाऱ्याहून घोटी-बारीमार्गे राजूर-अकोल्याकडं एसटी जाते, पण गाड्या मोजक्याच. वेळ आदल्या दिवशी विचारून घ्यावी. परतीची शेवटची गाडी किती वाजता, हे उतरल्या उतरल्या कंडक्टरलाच विचारावं.

पुण्याकडच्यांनी नारायणगाव, आळेफाटा, संगमनेर, अकोले, राजूर असा रस्ता धरावा. चाकणची गर्दी धरून पाच तास हाताशी ठेवावेत.

पेट्रोल घोटीला किंवा राजूरला भरून घ्यावं. रोख पैसेही तिथंच काढावेत. धरणाच्या पलीकडच्या गावांत मोबाइलला रेंज नसते, त्यामुळं ऑनलाइन पैसे देण्याच्या भरवशावर राहिलं तर चहाचे पैसे द्यायचीही पंचाईत होते.

कोणत्या महिन्यात काय

मेअखेर ते जूनचा दुसरा आठवडा : काजवे. मुरशेत, पांजरे, उडदावणे, घाटघर, रतनवाडी या बाजूला हिरडा, बेहडा, सादडा, जांभूळ, उंबर अशा झाडांवर काजवे लखलखतात. एक-दोन वळीव पडून गेले की संख्या वाढते. एकदा मोठा पाऊस सुरू झाला की खेळ संपला.

इथं एक गोष्ट समजून घेतली पाहिजे. काजव्याचा उजेड ही शोभा नाही, ती नराची मादीला घातलेली साद आहे. मादी बऱ्याचदा खाली गवतात किंवा बुंध्यावर बसलेली असते आणि तिथून उत्तर देते. काजव्याचं बहुतेक आयुष्य अळीच्या रूपात जमिनीत जातं. पंख फुटल्यावर त्याच्या हाती थोडेच दिवस उरतात, त्यात जोडी जमली नाही तर पुढची पिढी नाही. गाडीचे दिवे, टॉर्च, मोबाइलचा फ्लॅश यांच्या उजेडात ही साद हरवते. झाडाखाली घोळक्यानं फिरलं की गवतातल्या माद्या पायाखाली जातात. म्हणून काजवे बघताना दिवा बंद, आवाज बंद आणि पाय रस्त्यावर. डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला दहा-पंधरा मिनिटं द्या, मग झाड आपोआप उजळलेलं दिसतं. हा भाग कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो. १९८६ साली ते घोषित झालं. त्यामुळं आत शिरायच्या वेळा आणि शुल्क वनखातं ठरवतं. नाक्यावर पावती घ्यावी, ती जपून ठेवावी.

जूनअखेर ते ऑगस्ट : पाऊस. घाटघरला चांगल्या वर्षी पाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. अकोले गावात ऊन असताना घाटघरला दहा फुटांवरचं दिसत नाही, असं नेहमीच होतं. या दिवसांत डोंगरावरून पाण्याच्या धारा जागोजाग उतरतात. राजूर रस्त्यावरचा रंधा धबधबा, सुमारे १७० फुटांवरून कोसळणारी प्रवरा, याच दिवसांत खरा दिसतो. तो कठड्याच्या आतूनच बघायचा. कातळाला शेवाळ असतं आणि खाली पाण्याला भोवरा. तिथं सेल्फीपायी जीव गमावलेले लोक आहेत.

सप्टेंबर, ऑक्टोबर : जाणकार माणूस याच दिवसांत येतो. पाऊस ओसरलेला, धरण भरलेलं, झरे वाहते, डोंगरउतारावर सोनकीची पिवळी फुलं आणि खाचरात भात निसवलेला. कळसूबाई आणि रतनगड चढायला हे दिवस चांगले. नवरात्रात कळसूबाईला देवीच्या दर्शनासाठी मोठी गर्दी असते, ते दिवस बघून बेत करावा.

डिसेंबर ते मे : सांदण दरी. साम्रद गावाजवळ जमिनीला पडलेली दोनशे फुटांहून खोल भेग म्हणजे सांदण. आत काही ठिकाणी दोन माणसं शेजारी शेजारी चालू शकत नाहीत. वरच्या पठारावर पाऊस झाला की सगळं पाणी याच भेगेतून कोकणाकडं धावतं. आत असलेल्या माणसाला पळायला जागा नाही. म्हणून पावसाळ्यात सांदण नाही म्हणजे नाही. हिवाळ्यातही गावातला वाटाड्या घेऊनच उतरावं.

दोन रात्रींचा बेत असा जमतो

पहिला दिवस : दुपारपर्यंत शेंडी गाठायची. जेवून विल्सन धरण बघायचं. १९१० मध्ये काम सुरू झालेलं हे दगडी धरण १९२६ मध्ये पुरं झालं. तेव्हाचे मुंबईचे गव्हर्नर लेस्ली विल्सन यांचं नाव त्याला दिलं. साठवण ११ हजार ३९ दशलक्ष घनफूट, म्हणजे ११ टीएमसी. धरणाच्या पायथ्याशी अंब्रेला फॉल आहे, पण तो पाणी सोडलं तरच दिसतो. आधी चौकशी करावी, उगाच नाराज होऊ नये. वेळ उरला तर रंधा.

दुसरा दिवस : इथं निवड करावी लागते. एक तर जलाशयाभोवतीचा फेरा: शेंडी, मुरशेत, पांजरे, उडदावणे, घाटघर, साम्रद, रतनवाडी आणि परत. घाटघरच्या कड्यावरून खाली कोकण दिसतं. रतनवाडीचं अमृतेश्वराचं मंदिर, त्याचे कोरीव खांब आणि शेजारची पुष्करणी याला निवांत तास द्यावा. नाहीतर डोंगर: बारीहून कळसूबाई, १ हजार ६४६ मीटर, महाराष्ट्राचं सर्वात उंच शिखर. अवघड कड्यांवर लोखंडी शिड्या आहेत. चढायला तीन-चार तास लागतात, उतरायलाही जवळपास तेवढेच. फेरा आणि डोंगर एकाच दिवशी करायला गेलं तर दोन्ही अर्धवट राहतात. हरिश्चंद्रगडाची तर वेगळीच सहल करावी. त्याचा पायथा पाचनईला, दुसऱ्या खोऱ्यात आहे.

तिसरा दिवस : सकाळी धरणाच्या काठानं फेरफटका मारून परतीला लागावं. पुण्याकडं जाणाऱ्यांना राजूर वाटेवरच आहे. तिथले पेढे घेतल्याशिवाय पुढं जाऊ नये.

राहायचं कुठं, खायचं काय

शेंडीत पर्यटन महामंडळाचं निवासस्थान आणि हॉटेलं आहेत. पण मुरशेत, पांजरे, साम्रद, रतनवाडी या गावांत घरगुती सोयही होते. जेवायला नागलीची किंवा तांदळाची भाकरी, पिठलं, ठेचा, रानभाजी मिळते. माणसं किती, शाकाहारी किती, हे आदल्या दिवशी कळवावं. इथं हॉटेलासारखा फ्रिज भरलेला नसतो, सांगितलं तेवढंच रांधलं जातं. घरच्या भाताची चौकशी जरूर करावी. काळभात, आंबेमोहोर या जुन्या जाती अजून काही घरांनी जपल्या आहेत. याच तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांना जुनं बियाणं जपल्याबद्दल पद्मश्री मिळाली, हे पाहुण्यांना सांगितलं की भाताकडं बघायची नजर बदलते.

ही गावं महादेव कोळी आणि ठाकर समाजाची. शेती पावसाच्या भरवशावर, एका पिकाची. भात निघाला की कामासाठी नारायणगावच्या भाज्यांच्या शेतात किंवा नाशिकच्या द्राक्षबागांत जावं लागतं. पाहुण्यानं रात्र गावात काढली, तर राहण्याचे, जेवणाचे, वाटाड्याचे पैसे घरात येतात. एक दिवसाचा पाहुणा येताना घोटीहून वेफर्सची पाकिटं आणतो आणि जाताना रिकामी पाकिटं इथं टाकून जातो. गावाच्या पदरात तेवढंच पडतं.

बांधावर गाडी नको

जुलैत इथं आवणी सुरू असते. रस्त्याच्या कडेला हिरवं सपाट दिसतं ते मैदान नसतं, भाताचं खाचर असतं. गाडी बाजूला घेताना चाक बांधावर चढलं की बांध फुटतो. बांध फुटला की खाचरातलं पाणी वाहून जातं आणि नुकतं लावलेलं रोप उघडं पडतं. फोटोसाठी खाचरात उतरलं की पायाखाली चिखल जात नाही, कुणाचं तरी वर्षाचं धान्य जातं. गाडी लावायची तर गावातल्या ठरलेल्या जागेतच. थोडे पैसे जातील, पण ते गावातच राहतील.

बाटल्यांचंही तसंच. भंडारदऱ्याचं पाणी प्रवरेनं निळवंडे, ओझर बंधारा आणि पुढं कालव्यांनी संगमनेर, राहाता, श्रीरामपूर, नेवाशापर्यंत जातं. पिण्याला तेच, उसाला तेच. काठावर फोडलेली काच आणि फेकलेलं प्लॅस्टिक त्याच पाण्यात उतरतं.

निघण्याआधी एवढं करा

हवामान खात्याचा इशारा बघा. रेड किंवा ऑरेंज अलर्ट असेल तर बेत पुढं ढकला, धबधबा कुठं पळून जात नाही. मुक्कामाच्या घरी फोन करून रस्ता सुरू आहे का, वाहतूक एकेरी केली आहे का, ते विचारा. डोंगरावर जाताना कुठल्या वाटेनं जातोय आणि किती वाजेपर्यंत येणार, हे घरमालकाला सांगून निघा. अडचण आली तर ११२, रुग्णवाहिकेला १०८. जवळचं सरकारी ग्रामीण रुग्णालय राजूरला आहे. तिथं पोचायला रस्ता मोकळा लागतो, तेव्हा गाडी आडवी लावू नका.