पाटोद्याच्या माळावर गाडी नेण्याआधी

महाराष्ट्रात सहा राष्ट्रीय उद्याने आहेत, पण मराठवाड्यात एकही नाही. म्हणून जंगल बघायचे ठरले की बीडचा माणूससुद्धा ताडोबाचे बुकिंग शोधतो, नाहीतर मेळघाटाचा नकाशा उघडतो. आपल्याच जिल्ह्यात, बालाघाटाच्या डोंगरात, खास मोरांसाठी राखलेले एक रान आहे, हे त्याच्या ध्यानातही नसते. पाटोदा तालुक्यातले नायगाव मयूर अभयारण्य १९९४ साली जाहीर झाले. विस्तार जेमतेम ३० चौरस किलोमीटर. ताडोबासारखी जिप्सींची वर्दळ इथे नाही. आपली गाडी आपणच काढायची, आखणीही आपणच करायची.

ही आखणी करायला बसा, आणि बघा काय होते. कोणता रस्ता धरावा, कोणत्या महिन्यात निघावे, गाडी कुठवर न्यावी, किती वाजता पोहोचावे, हे सगळे साधे प्रश्न आहेत. पण एकेका प्रश्नाचा माग काढत गेलो की तो थेट दगडात, मातीत आणि मोराच्या पिसाऱ्यात घेऊन जातो. गाडीची चावी हातात घेण्याआधीच सफर सुरू झालेली असते.

रस्ता दगडाच्या पायऱ्यांचा

बीडहून निघालात तर धुळे–सोलापूर महामार्गाने पालीच्या बिंदुसरा धरणावरून पुढे जायचे आणि मांजरसुंब्याचा घाट चढायचा. तिथून पश्चिमेला पाटोद्याचा रस्ता फुटतो. पुण्याकडून येणाऱ्याला अहिल्यानगर, जामखेड, सौताडा, पाटोदा असे उलट बाजूने येता येते. दोन्हीकडून एक गोष्ट सारखीच जाणवते: गाडी चढते, मग बराच वेळ सपाटीवर धावते, पुन्हा एक चढण, पुन्हा सपाटी. डोंगर म्हटल्यावर टोकदार शिखरे डोळ्यांपुढे येतात. बालाघाट तसा नाही, तो पायऱ्यापायऱ्यांचा आहे.

सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी इथली जमीन भेगाळली आणि लाव्हा बाहेर आला. शंकूसारखा ज्वालामुखी उभा न राहता हा लाव्हा पुरासारखा पसरत गेला. एक थर थंड झाला की काही काळाने त्यावर दुसरा. असे थरावर थर साचून आजही सुमारे ५ लाख चौरस किलोमीटर मुलूख त्याखाली आहे. प्रत्येक थराचा मधला भाग घट्ट, काळा, कठीण असतो. वरच्या भागात वायूचे बुडबुडे अडकून राहतात, त्यामुळे तो सच्छिद्र आणि ठिसूळ असतो. ऊन-पावसाने ठिसूळ भाग लवकर झिजतो, कठीण भाग टिकून राहतो आणि पायरी तयार होते.

घाटात गाडी सुरक्षित बाजूला लावता आली, तर कापलेल्या कड्याजवळ दोन मिनिटे उभे राहा. खाली काळा पाषाण, वर भुसभुशीत मुरूम, मुरमातल्या छिद्रांत कुठे कुठे चमकणारे पांढरे स्फटिक. दख्खनच्या बऱ्याच घाटांत दोन थरांच्या मध्ये विटकरी लाल पट्टाही दिसतो. एक लाव्हा थंड झाल्यावर पुढचा येईपर्यंत मध्ये इतका काळ गेला, की दगड कुजून त्याची माती झाली. मग पुढच्या लाव्हाने तीच माती भाजून काढली. बोटभर जाडीच्या त्या पट्ट्यामागे केवढा काळ उभा आहे!

पाणी कुणीकडे जाते

पाटोदा तालुक्याचा नकाशा उघडला की नद्यांकडे नीट बघा. बालाघाटाच्या या माथ्यावर गवळवाडीजवळ मांजरा उगम पावते. सिंदफणाही याच तालुक्यातल्या डोंगरात निघते आणि उत्तरेला जाऊन माजलगाव तालुक्यात मंजरथला गोदावरीला मिळते. सौताड्याला मात्र विंचरणा नदी कड्यावरून खोल दरीत उडी घेते, दरीतल्या रामेश्वराजवळून वाहत जामखेडच्या दिशेने जाते आणि पुढे सीनेला मिळते. सीना भीमेला, भीमा कृष्णेला.

म्हणजे याच तालुक्यात गोदावरी आणि कृष्णा या दोन महानद्यांची खोरी एकमेकींना पाठ लावून उभी आहेत. माथ्याच्या अलीकडे पडलेला थेंब गोदावरीचा, पलीकडे पडलेला कृष्णेचा. मांजरेची वाट तर सगळ्यांहून लांबची. ती आधी आग्नेयेला निघते, लातूर, बिदर ओलांडून तेलंगणात शिरते, तिथे उत्तरेकडे वळण घेते आणि ७२४ किलोमीटरचा प्रवास करून कंदकुर्तीला गोदावरीत विलीन होते. हैदराबादच्या नळांनाही या नदीने पाणी पाजले आहे. आणि २०१६ च्या उन्हाळ्यात हिच्यावरचे धनेगावचे धरण कोरडे पडले, तेव्हा लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले.

गाडी चालवणाऱ्याला याचा उपयोग काय? माथ्यावरच्या नद्या बाळ-नद्या असतात. पाऊस पडला की तासाभरात ओढा भरून वाहतो आणि थांबला की तितक्याच वेगाने ओसरतो. छोट्या पुलावरून पाणी वाहत असेल तर गाडी त्यात घालू नका. थोडे थांबलात, तर बहुतेक वेळा ओढा आपणच वाट देतो. सौताड्याचा धबधबाही याच नियमाने चालतो. भर पावसाळ्यात त्याचा आवाज दरी भरून टाकतो आणि उन्हाळ्यात तिथे कोरडा कडा उरतो.

काळ्या मातीचा कायदा

बीडचा पाऊस वर्षाला सरासरी साडेसहाशे मिलिमीटरच्या आसपास. सह्याद्री समुद्रावरून आलेले ढग आपल्या पश्चिम उतारावर रिते करून घेतो आणि उरलेसुरले इकडे पाठवतो. एवढ्या कमी पावसाच्या मुलखात चिखलाची भीती कसली, असे वाटेल. पण इथे गाडी अडते ती मुख्यतः चिखलानेच.

कारण बेसाल्ट कुजून जी काळी माती होते, तिच्यातल्या चिकणमातीचे कण अतिसूक्ष्म पापुद्र्यांचे बनलेले असतात. पाणी त्या पापुद्र्यांच्या मध्ये शिरते आणि त्यांना एकमेकांपासून दूर लोटते. माती फुगते, चिकटते, टायरच्या नक्षीत भरून बसते. मग चाक कितीही फिरवा, ते गुळगुळीत झालेले असते. उन्हाळ्यात हीच माती आक्रसते आणि हात आत जाईल एवढ्या भेगा पडतात. शेतकऱ्याला हे पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे, म्हणून तो पावसानंतर वापसा आल्याशिवाय रानात औत घालत नाही. पाहुण्याने तोच नियम गाडीला लावावा. पाऊस झाल्यावर डांबर सोडू नये. पाणंद रस्ता कितीही जवळचा दिसला, नकाशावरची निळी रेघ कितीही खुणावत असली, तरी वापसा येईपर्यंत तिकडे चाक वळवू नये.

अशा मातीचे सर्वांत मोठे पट्टे जगात ज्या देशांत आहेत, त्यांत भारताइतकेच ऑस्ट्रेलियाचे नाव पुढे येते. तिथे क्वीन्सलँडच्या अंतर्भागात डायमँटिना नावाचे राष्ट्रीय उद्यान आहे. ते ५ हजार चौरस किलोमीटरहून मोठे, म्हणजे जवळपास अर्ध्या बीड जिल्ह्याएवढे आहे. तिथे पोहोचायचे तर कच्च्या रस्त्यांवरून तासन्‌तास गाडी हाकावी लागते, आणि पाऊस झाला की भेगाळणारी चिकणमाती फुगून ते रस्ते बंद पडतात. तिथली नदी समुद्राला मिळतच नाही. पाणी पुरेसे असेल त्या वर्षी ती खंडाच्या पोटातल्या, समुद्रसपाटीच्याही खाली असलेल्या काटी थंडा–एअर सरोवरात जाऊन पसरते. तिकडे जाणारा माणूस जादा डिझेल, दोन स्टेपन्या आणि कित्येक दिवसांचे पाणी घेऊन निघतो. गाडी बंद पडली तर ती सोडून चालत निघायचे नाही, हा त्याचा पहिला धडा असतो. नायगावला एवढा सरंजाम लागत नाही. गाव कधीच फार लांब नसते आणि हाक मारली तर कुणीतरी ट्रॅक्टर घेऊन येते. पण पाटोद्याच्या शेतकऱ्याची आणि डायमँटिनाच्या वनरक्षकाची अक्कल एकाच मातीने घडवली आहे, हे कळले की मन भरून येते.

मोर कधी, मोर का

आता ज्याच्यासाठी निघालो त्याच्याकडे. मोराला घनदाट ओले अरण्य हवे असते, हा आपला समज चित्रांनी करून दिलेला. मोराला हवी असते मोकळी जागा, जिथे पिसारा फुलवून उभे राहता येईल. काटेरी झुडपे, जिथे लांडोर अंडी घालून लपेल. रात्री बसायला उंच झाड. आणि जवळपास पाणी. बालाघाटाच्या उतारावरचे बाभूळ, खैर, बोर, तरवड, सीताफळ यांचे विरळ रान त्याच्यासाठी अगदी सोयीचे. इथले सीताफळ एवढे नावाजलेले, की बीडच्या सीताफळाला भौगोलिक मानांकन मिळाले आहे.

मोर पावसाच्या तोंडावर नाचतो, यामागे हिशेब आहे. लांडोर अंडी उबवते ती साधारण २८ दिवस. पिल्ले बाहेर पडतात तेव्हा त्यांना किडे हवेत, भरपूर हवेत. पहिल्या सरींनंतर रान किड्यांनी गजबजते. पिल्लांचे ताट नेमके भरलेले असावे म्हणून प्रेमाराधन आधी उरकते. पावसाळा ओसरता ओसरता मोराची लांब पिसे गळून पडतात आणि पुढचा पिसारा वाढून पुरा व्हायला उन्हाळ्याची चाहूल लागते. म्हणून दिवाळीच्या सुट्टीत आलेला पाहुणा हिरवेगार रान बघतो, पण त्याला भेटणारे मोर बिनपिसाऱ्याचे असतात. सुट्टीच्या कॅलेंडरवर नायगावची तारीख ठरवायची नाही ती यासाठीच.

मोराच्या पिसाचा एक तंतू बोटांवर घेऊन उन्हात फिरवा. निळा हिरवा होतो, हिरवा सोनेरी. आता त्याच्या मागे काळोख धरून आणि मागून उजेड धरून, दोन्ही तऱ्हांनी पाहा; मागून उजेड आला की सगळी जादू मावळते आणि तंतू नुसता तपकिरी दिसतो. कारण पिसात निळा रंग नाहीच, हिरवाही नाही. आहे ते फक्त मेलॅनिन, आपल्या केसांना काळेपणा देणारे द्रव्य. त्याच्या अतिसूक्ष्म कांड्या जाळीसारख्या रचलेल्या असतात, आणि साबणाच्या फुग्यावर रंग उमटतात तसे त्या जाळीवरून परतणाऱ्या प्रकाशातून रंग निघतात. जाळीतले अंतर किंचित बदलले की निळ्याचा हिरवा होतो. १६६५ साली रॉबर्ट हूकने सूक्ष्मदर्शकाखाली पाहून ओळखले होते, की पीस भिजवले की हे रंग नाहीसे होतात; म्हणजे ते रंगद्रव्याचे नव्हेत. जाळीचा नेमका उलगडा २००३ साली शांघायच्या फुदान विद्यापीठातल्या संशोधकांनी केला.

आणि नाच? आपण ज्याला शेपूट म्हणतो तो पिसारा शेपटीच्या वरच्या पिसांचा, दीडशेहून अधिक पिसांचा. खरी शेपटी त्याच्या मागे, आखूड २० पिसांची. ती सेकंदाला सुमारे २५ वेळा थरथरते आणि अख्खा पिसारा सळसळतो, पण पिसांवरचे डोळे मात्र जागच्या जागी स्थिर दिसतात. रोझलिन डाकिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे मोजले. पुढे त्यांनाच आढळले, की लांडोरीच्या डोक्यावरचा तुराही याच गतीला साद देत कंप पावतो. कॅनडातल्या मॅनिटोबा विद्यापीठातल्या अभ्यासात दिसले, की नाचणारा मोर माणसाच्या कानाला ऐकूच न येणारा, अतिशय खोल आवाजही काढतो. आपल्यासमोर मोर नाचतो तेव्हा त्यातले निम्मे आपल्यासाठी नसतेच.

तर मग निघताना

माझी शिफारस जूनच्या उत्तरार्धाची. एक-दोन चांगल्या सरी झालेल्या, पण झाडोरा अजून दाटलेला नसतो. पिसारा पूर्ण, नाच भरात. ओल जास्त असेल तर डांबरी रस्त्यावरूनच समाधान मानावे. दुसरी वेळ एप्रिल-मे. पानगळ झालेली असते, प्राणी पाणवठ्यांकडे येतात आणि रान दूरवर दिसते. तेव्हा माणशी भरपूर पाणी, टोपी, रेडिएटरचे कूलंट आणि टायरची हवा आधीच बघून घ्यावी. बाभळीचा काटा टायरलाही सोडत नाही, म्हणून स्टेपनी आणि जॅक गाडीत आहेत याची घरीच खात्री करावी. टाकी बीडला, पाटोद्याला किंवा जामखेडला भरावी.

अभयारण्यात शिरण्याआधी वनविभागाच्या कार्यालयात विचारपूस करून परवानगी घ्यावी आणि गाडी ठरलेल्या रस्त्यावरच ठेवावी. वाळल्या गवतावर गाडी कधीही उभी करू नये. तापलेल्या सायलेन्सरची एक झळ वणवा पेटवायला पुरते. गळालेले पीससुद्धा उचलून आणू नये, ते रानाचे आहे. पहाटे उजाडण्याआधी पोहोचावे, इंजिन बंद करावे, काचा खाली घ्याव्यात. मोर झाडावरून उतरण्याची वेळ तीच.

परतीचा प्रवास उजेडी उरकावा. दसरा-दिवाळीनंतर या रस्त्यांवरून ऊसतोडीच्या टोळ्या कारखान्यांकडे निघतात. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत संसार असतो, लेकरे असतात, आणि मागचा दिवा असेलच असे नाही. त्यांच्यासाठी वेग कमी करणे हाही या सफरीच्या आखणीचा भाग आहे.

अर्ध्या जिल्ह्याएवढ्या उद्यानात एखाद्या गाडीची चूक पचून जाते. ३० चौरस किलोमीटरच्या रानाला तेवढी ऐसपैस जागा नाही. तिथे एक वणवा, एक कर्कश हॉर्न, आडरानात घातलेली एक गाडी, सगळे अंगावर येते. म्हणूनच नायगावला जाणाऱ्याने आधी मातीचा, पावसाचा आणि मोराचा अभ्यास करावा आणि मगच चावी फिरवावी. त्या अभ्यासाने सहल सुखरूप होते, शिवाय जिल्ह्यातल्या प्रत्येक ओढ्याकडे आणि प्रत्येक कापलेल्या कड्याकडे बघायची नजर मिळते, आणि ती पुढच्या सगळ्या प्रवासांना पुरते.