पेंग भाताची नव्हे

दुपारी अडीचला ऑफिसात पापण्या जड झाल्या की पहिला आळ डब्यातल्या भातावर येतो. भरपेट जेवणाने त्यात भर पडते, हे खरं. पण उपाशी राहिलात तरी पेंग यायची ती येतेच. शरीराच्या घड्याळानुसार साधारण एक ते तीनच्या दरम्यान तरतरी ओसरते, आणि रात्रीची झोप अपुरी असेल तर जास्तच. पुण्यातल्या ‘एक ते चार बंद’ पाट्यांची एवढी थट्टा झाली, पण शरीरशास्त्र दुकानदारांच्याच बाजूने आहे.

मग डुलकी काढावी का? ‘एकदा आडवं झालं की दिवस गेला’ हा समज निम्माच खरा. लांब पल्ल्याच्या वैमानिकांवर नासाने केलेला अभ्यास प्रसिद्ध आहे. त्यांना आळीपाळीने 40 मिनिटं विश्रांती दिली, त्यात ते सरासरी 26 मिनिटं झोपले, आणि विश्रांती न मिळालेल्यांपेक्षा उड्डाणाच्या शेवटच्या टप्प्यात जास्त सावध राहिले. बिघडतं ते झोप लांबली की. गाढ झोपेतून उठल्यावर बराच वेळ डोकं बधिर राहतं. म्हणून गजर 15-20 मिनिटांचाच लावावा. पलंग नसला तरी रिकाम्या मीटिंग रूममधली खुर्ची पुरते.

टपरीवरचा कटिंग थकवा घालवत नाही, लपवतो. मेंदूत साठत जाणारं अडेनोसिन झोपेची सूचना देत असतं. कॅफिन तेवढी सूचना अडवून धरतं. शिवाय ते निम्मं ओसरायलाच सुमारे 5 तास लागतात. संध्याकाळी सहाच्या कडक चहाचा हिशेब रात्री अकराला अंथरुणात चुकता होतो. टपरीपर्यंत चालत जाणं मात्र सोडू नये, चहा घेतला नाही तरी.

सगळ्यात पक्का गैरसमज मोबाइलचा. लॅपटॉप बाजूला सारून रील्स बघितल्या की ब्रेक झाला, असं पंचविशीतल्या बहुतेकांना प्रामाणिकपणे वाटतं. अमेरिकेतल्या रटगर्स विद्यापीठात 414 विद्यार्थ्यांना शब्दकोडी सोडवायला दिली होती. मधल्या सुट्टीत ज्यांनी फोन वापरला, त्यांना पुढच्या अर्ध्या भागाला 19 टक्के जास्त वेळ लागला आणि कोडीही 22 टक्के कमी सुटली. कारण उघड आहे: डोळे तेच, मान तशीच वाकलेली, आणि दर काही सेकंदांनी नव्या विषयाकडे धावणारं लक्ष. काम बदललं, कामाला जुंपलेले अवयव तेच राहिले.

छोटे ब्रेक पुरेसे असतात, हेही अर्धसत्यच. अनेक प्रयोगांचा एकत्र आढावा घेणाऱ्या 2022 सालच्या संशोधनात असं दिसलं, की 10 मिनिटांपर्यंतच्या विश्रांतीने थकवा कमी होतो, हुरूप वाढतो. पण डोक्याला ताण देणाऱ्या कामाचा दर्जा तेवढ्याने सुधारेलच असं नाही. दिवसभर कोड लिहिणाऱ्याला, ऑडिटचे आकडे जुळवणाऱ्याला मोठी सुट्टी लागतेच.

ही सुट्टी म्हणजे साहेबांची मेहेरबानी, असं नव्याने रुजू झालेल्यांना वाटतं. महाराष्ट्राच्या 2017 च्या दुकाने व आस्थापना कायद्यातली मूळ तरतूद अशी होती: सलग 5 तासांपेक्षा जास्त काम करून घ्यायचं, तर मध्ये किमान अर्ध्या तासाची विश्रांती द्यावी लागे. 2025 मध्ये राज्य मंत्रिमंडळाने कामाचे तास वाढवायला मंजुरी दिली, तरी मधली सुट्टी रद्द झालेली नाही. आता कॉल म्यूटवर ठेवून पोळीचा घास घेतला, तर तो अर्धा तास विश्रांतीत धरायचा का, हे एचआरला एकदा लेखी विचारून बघावं.