शफरीची ओळख

संस्कृत कवींनीं चंचल नेत्रांस शफरीची उपमा दिली आहे. ती आम्हीं वर्गांत वर्षानुवर्षें समजावून सांगितली. शफरी म्हणजे चपळ, लहान मासा, एवढ्यावर आमचें ज्ञान संपे. परवां नातवानें काचेच्या भांड्यांत चिमुकले मासे आणून दाखविले, तेव्हां "हीं रोहूचीं पिलें" असें आम्हीं ठोकून दिलें. तें साफ चुकलें!

रोहूचा हा दूरचा आप्त खरा; पण दीड इंचाचा हा मासा पूर्ण वाढलेला होता. इंग्रजींत यास झेब्रा मासा म्हणतात. अंगावरील निळे पट्टे कल्ल्यापासून निघून शेपटीच्या परावरही जातात, ही त्याची मुख्य खूण. तोंडाशीं मिशांच्या दोन जोड्या. नर सडपातळ व पिवळसर, मादी रुपेरी व पोटानें फुगीर. फ्रान्सिस हॅमिल्टननें १८२२ सालीं गंगेच्या माशांवरील ग्रंथांत त्याचें वर्णन केलें. शास्त्रीय नांवांतील 'डॅनिओ' हा शब्द बंगाली 'धानी'वरून, म्हणजे भातशेतांतला, आला असें सांगतात. आणि उथळ, संथ ओढे व भातखाचरें हेंच त्याचें घर.

याचें अंडें पारदर्शक असतें. दुसऱ्या दिवशीं आंतील गर्भाचें हृदय धडधडतांना भिंगांतून दिसतें! हृदयाचा पांचवा हिस्सा कापला तरी तो दोन महिन्यांत पुन्हा भरून येतो, असें २००२ सालीं संशोधकांस आढळलें. मनुष्याच्या शंभरांतील सुमारें सत्तर जनुकांचें प्रतिरूप या जीवांत आहे.

नातवानें मात्र पहिल्याच दिवशीं पट्टे मोजले होते, पांच.